आधी पायांकडे बघणारी गिरजाबाई

प्रिय अनिकेत आणि जुई,

गेल्या महिन्यात अनिकेतने फोनवर आपल्या घरातली एक जुनी गोष्ट मला ऐकवली. आजोबा टायफॉइडमधून उठले म्हणून आजी, म्हणजे मी, मलकापूरहून शेगावला अनवाणी, एकटी चालत गेली. गोष्ट त्याने छान सांगितली, पण त्यातला ‘एकटी’ हा शब्द चुकीचा आहे. चूक त्याची नाही, माझी आहे. इतकी वर्षे त्या गोष्टीतून मी एक माणूस गाळत आले. आता ते जागेवर ठेवायचे आहे.

तिचे नाव गिरजाबाई. कोणीही समोर आले की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, मग तोंडाकडे. “तोंड खोटं बोलते, पाय नाई बोलत,” असे तिचे म्हणणे होते.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षे झाली होती. मी नवी सून होते, इंग्रजी शिकलेली. नवस सासूबाई बोलल्या होत्या: मुलगा बरा झाला तर सून अनवाणी शेगावला जाईल. माझा विश्वास बेताचाच, पण मी त्यांना हो म्हटले होते. नवस मोडला असता तर मुलाला साधी शिंक आली तरी त्या घाबरल्या असत्या. मी मैलांचा आणि मुक्कामांचा तक्ता केला, मनगटावर घड्याळ बांधले आणि आळीतल्या चार बायकांबरोबर निघाले. तक्त्यात पायांचा विचार मात्र नव्हता.

वडनेर भोलजीपाशी पोचेपर्यंत तळव्याला फोड आले होते आणि टाचेत काटा मोडला होता. एका शेताच्या विहिरीवर मी बसले. बरोबरच्या काकू म्हणाल्या, “येणारी एस.टी. धर आणि परत जा. नवस काय, पुढच्या वर्षी फेडता येईल.” मला रडू आवरेना.

शेतात कापसाची वेचणी चालू होती. एक बाई ओटीतला कापूस तसाच घेऊन बांधावर आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिने माझे पाय बघितले.

“काऊन वो बाई, चप्पल चोरीले गेली का?”

“नवस आहे. सासूबाईंनी केलाय.”

“मंग त्याइलेच चालू द्याचं होतं!”

रडता रडता मी हसले. तिने बाभळीच्या काट्याने माझ्या टाचेतला काटा काढला, जखम धुतली, ओटीतला कापूस तळव्याखाली ठेवला आणि लुगड्याच्या पदराची पट्टी फाडून वर बांधली. मी विचारले, “कापड बांधले तर नवस मोडेल का?”

“चप्पल नाई म्हनलं व्हतं का कपडा नाई म्हनलं व्हतं?”

ही वकिली माझ्या इंग्रजी शिक्षणाला पटली आणि मी पट्टीची गाठ घट्ट केली.

काकूंनी मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारले, “कोणत्या वस्तीतली आहे, कळतंय ना?” मला कळले होते. गिरजाबाईच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पाच-सहा वर्षे झाली होती. काकूंचे बोलणे गिरजाबाईने ऐकले असावे, कारण ती माझ्या पायाकडे बघतच म्हणाली, “काटा कोनाले पुसून रुतत नाई.” मग तिने माझे गाठोडे डोक्यावर घेतले आणि शेतात हाक मारली, “जाऊबाई, पोराइले जेवू घालजो! मी शेगावले जाऊन राह्यलो!”

“देवाले?” तिकडून आश्चर्याने विचारणा झाली.

“नाई वो, हिच्या पायासाठी!”

काकू आणि बाकीच्या पुढे गेल्या. आम्ही दोघी मागून सावकाश चाललो. ऐन वेचणीचे दिवस टाकून ती आली होती. मी थांबले की ती थांबे. “रस्ता कुठं पळून नाई जाऊन राह्यला,” म्हणे. नांदुऱ्याला मी धर्मशाळेत उतरले. “इथेच झोपा,” एवढे दोन शब्द मला तिला म्हणता आले नाहीत. ती बहिणीकडे गेली. पहाटे गरम पाण्याचा तांब्या घेऊन हजर. “दाखव पाय.”

तिसऱ्या दिवशी दुपारी शेगावला पोचलो. मंदिराच्या दाराशी तिने गाठोडे उतरवले आणि बाहेरच बसली.

“तुम्ही दर्शन घेणार नाही? इतके चालून?”

“देवाले हात नाई जोडाचा, असा शबुद देल्ला ना आमी दीक्षा घेताना.”

“मग आलात कशाला?”

“तू बी शबुदच पाळून राह्यली न? त्यासाठी आलो.”

मी आत गेले, नवस फेडला आणि बाहेर येऊन मोठ्या प्रेमाने तिच्यापुढे प्रसाद धरला. तिने हात पुढे केला नाही. “सासूले ने तुह्या.” क्षणभर मला राग आला. एवढ्या आपुलकीने दिलेले नाकारते! मग माझ्या पायावरची तिच्या पदराची पट्टी दिसली. माझा शब्द पुरा व्हावा म्हणून ती इतकी चालली होती, आणि मी तिचा शब्द तिच्या तळहातावर मोडायला निघाले होते. मी प्रसाद पदरात बांधला.

घरी सासूबाईंनी विचारले, “शेवटपर्यंत सोबत कोण होतं?” मी म्हटले, “आळीतल्या बायका.” हे खोटे बोलायला मला क्षणही लागला नाही. पुढे ‘बायका’ही गळल्या आणि ‘एकटी’ उरले. मी ते कधी दुरुस्त केले नाही.

संक्रांतीनंतर मी लुगडे घेऊन वडनेरला गेले. तिने आधी माझी टाच बघितली. “भरली बरोबर.” मग चहा केला आणि मी तो प्यायले. तेही घरी सांगितले नाही. पुढे आमची बदली झाली. काही वर्षांनी पुन्हा गेले, तेव्हा तिची जाऊ म्हणाली, “गिरजा गेली वो बाई, दोन पावसाळे झाले.”

तिचा फोटो माझ्याकडे नाही. ती पट्टी सासूबाईंनी चिंधी समजून चुलीत घातली. दारात कोणी आले की माझी नजर आधी पायांकडे जाते आणि तुम्ही दोघे त्यावरून मला हसता. ही सवय गिरजाबाईची आहे. तेवढी अजून आहे.