वैयक्तिक कारणास्तव

दुबईतल्या अल कुसैसच्या, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरातला तो चिपळूणकडचा गृहस्थ २००८च्या मंदीपासून लोकांच्या गेलेल्या नोकऱ्या टाईप करतोय. दोनच बोटांनी, मान वर न करता. माझा बेकारी विम्याचा अर्ज भरता भरता तो थांबला.

"काढलं की सोडलीत?"

"काढलंच. पण एचआरवाली म्हणाली, रेकॉर्ड स्वच्छ राहील, म्हणून राजीनामा लिहून दिला." हे सांगताना मला जरा ऐटच वाटली.

"मग खलास, साहेब! राजीनामा देणाऱ्याला भत्ता नसतो." त्याने माझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदाच मान वर केली. "वैयक्तिक कारणास्तव? वर कंपनीचे आभार! सकाळपासून तुमच्या ऑफिसातले तुम्ही पाचवे. पाचही जणांना वैयक्तिक कारण एकाच दिवशी बरं सुचलं!"