शिक्षा झालेला शेजारी

उभ्या हरियाणात सर्वांत मोठ्या आवाजात मराठी कोण बोलत असेल, तर आमचे फरीदाबादचे घरमालक काका. आणि त्या वेळी आपण शुद्ध हिंदी बोलतोय अशी त्यांची ठाम समजूत असे. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळी हयात दिल्लीत गेली, निवृत्त झाल्यावर नव्या सेक्टरात घर बांधलं, पण हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी ‘है’ लावणे, हा सिद्धांत काही त्यांनी सोडला नाही. एकदा दुधात पाणी निघालं म्हणून ते गरजले, “मेरेको बहुत राग आता है!” दूधवाल्यानं सायकल स्टँडला लावली, हात बांधले आणि म्हणाला, “तो सुनाइए ना, बाबूजी.” आणि खरोखर ऐकायला उभा राहिला!

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. लातूरकडच्या खेड्यातली, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, कारखान्यात अकाउंट्समध्ये नोकरीला. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. काकांनी विचारलंच नाही. खोली बघायला गेले तेव्हा पायरीवर एक खरजुली कुत्री आडवी पसरली होती. मी म्हटलं, “सरक गं बाई.” ती सरकली, आणि आतून काका ओरडले, “अहो, ऐकलंत का? भाडेकरू मिळाली!” काकूंना ते ‘अहो’ म्हणत, गाढवालाही ‘अहो’ म्हणत, आणि काकूंची त्याबद्दल कायम तक्रार असे. टांग्यात बसले की चढावर उतरून घोड्याबरोबर चालत. बसच्या ड्रायव्हरनं म्हशीला घाबरवायला हॉर्न वाजवला, तर निषेध म्हणून मध्येच उतरून ऑफिसपर्यंत पायी गेलेला माणूस हा! लोक सकाळी पोथी वाचतात, काका कायद्याची पुस्तकं वाचत. तेही मोठ्यानं. प्राण्यांच्या छळाचा कायदा आणि शस्त्रांचा कायदा असे दोन ग्रंथ त्यांनी एकाच कापडात बांधून ठेवले होते. “जो जनावराला मारतो त्याच्या हातात चमचासुद्धा देऊ नये, बंदूक तर लांबच,” हे त्यांचं मत. दोन्ही कायद्यांची एकमेकांशी ओळख करून देणं हेच आपलं उरलेलं जीवितकार्य, असं ते सांगत.

आणि संधी चालून आली! त्या काळी सेक्टरात रोज काहीतरी नवं येत होतं. आज केबल, उद्या एसटीडी बूथ, परवा कोणाच्या दारात लाल मारुती. मारुती आली की पुढची पायरी बंदूक. वरातीत हवेत बार काढला नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नसे. आमच्या समोरच्या कोठीतल्या, म्हणजे बंगल्यातल्या, ठेकेदारानं बंदुकीच्या लायसन्सचा अर्ज केला. हाच तो ठेकेदार, ज्यानं पुतण्याच्या वरातीत अडून बसलेल्या घोडीचा चाबकानं एक डोळा फोडला होता. काकांनी कोर्टात साक्ष दिली होती आणि त्याला दंड झाला होता. आता अर्जदाराच्या चालचलनाची चौकशी करायला एका रविवारी दुपारी ठाण्यातून थानेदार आला, आणि शेजारी म्हणून त्यानं नेमकं काकांनाच विचारलं!

मी वर केस धूत होते. नुसता गडगडाट ऐकू येत होता. थोड्या वेळानं काका दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. मला ते ‘ग्रॅज्युएट’च म्हणत. “ग्रॅज्युएट, ऐतिहासिक! उडवला त्याला! म्हटलं, साहब, इनको शिक्षा हुआ है, कोर्ट में, सबके सामने! थानेदार थक्क. म्हणाला, सच में? म्हटलं, जज ने खुद शिक्षा दिया! लिहूनच घेतलं त्यानं.” इतक्यात खालून काकूंची हाक आली, “अहो, ठेकेदाराकडून लाडू आलेत. तुमच्या पाया पडायचं म्हणतोय.”

काका बुचकळ्यात पडले. “हरलेला माणूस लाडू का वाटतोय?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “काका, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! तुम्ही सांगितलंत की तो जजच्या हाताखाली शिकलाय!”

“अरे देवा! मग शिक्षेला काय म्हणतात?”

“सज़ा.”

“सजा? ते तर नटलेल्या नवरदेवाला म्हणतात!”

साबणाच्या केसांवर पदर घेऊन मी काकांना माझ्या स्कूटरच्या मागे बसवलं. वाटभर ते ‘सज़ा, सज़ा’ असा जप करत होते. सिग्नलला लोक वळून बघत होते. ठाण्यात सगळा खुलासा ऐकून थानेदार खो-खो हसला. म्हणाला, “ताऊ, जेल तो हुई नहीं, जुर्माना हुआ है। इससे लाइसेंस थोड़े रुकता है।”

“पुस्तक में है!” काकांनी टेबलावर हात मारला. “किसी भी कारण से नालायक हो, तो देना नहीं!”

“तो कारण क्या लिखूँ?”

काकांचा आवाज मी प्रथमच उतरलेला ऐकला. “साहब, वो घोडी घाबर गई थी। बँड वाज रहा था। चली नहीं, तो इसने आँख फोडा। कल इसके हाथ में बंदूक रहेगा, और कोई माणूस नहीं चला तो?”

थानेदाराचं हसू गेलं. ‘माणूस’ म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं आधीचा कागद फाडला आणि नवा घेतला.

ठेकेदाराला लायसन्स मिळालं नाही, आणि काकूंना पुन्हा कधी समोरून लाडू आले नाहीत. काकांनी मात्र महिनाभर गल्लीतल्या प्रत्येक घोड्याला थांबवून ही बातमी दिली.

नंतर ते काकूंसह नाशिकला लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मी अजून याच सेक्टरात आहे, आता माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये. परवा खालून वरात चालली होती. हवेत दोन बार झाले आणि घोडी दचकून मागच्या पायांवर उभी राहिली. मी गॅलरीत धावले. बंदूक कोणाची, त्याला ती कोणी दिली, देताना शेजाऱ्यांना काही विचारलं का, काही कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या गॅलऱ्यांतही माणसं उभी होती. मी एकालाही नावानं ओळखत नव्हते. काका असते तर एव्हाना जिना उतरून घोडीपाशी पोचले असते, आणि सगळ्या वरातीला चुकीच्या हिंदीत थांबवलं असतं.