सोळा नंबरची जर्सी आणि आप्पांचा नवस

मी देशाच्या महिला रग्बी संघाबरोबर तीन देश फिरून आले आणि एक मिनीटही खेळले नाही. हे मी पहिल्यांदाच असं सरळ लिहितेय. लोहाऱ्याच्या जीप स्टँडावर असलं काही वाचणारं कुणी नाही, म्हणून एवढं धाडस. तिथं आजही सगळ्यांची खात्री आहे की मी कझाकस्तानच्या पोरींना आडवं पाडून आले.

आमच्या भागात रग्बी कुणाला माहीत असायचं कारणच नाही. मी शाळेत कबड्डी खेळायचे. कॉलेजला सोलापूरला गेले तेव्हा तिथल्या सरांनी माझे खांदे बघितले आणि अंड्यासारखा चेंडू हातात दिला. एकेका बाजूला पंधरा जणी. चेंडू घेऊन पळायचं, समोरचीनं पाडलं की पडायचं, उठायचं, पुन्हा पळायचं. मी हूकर. दोन्हीकडच्या आठ-आठ जणी वाकून एकमेकींना रेटतात तेव्हा पुढच्या फळीत मधोमध असते ती. चेंडू पायानं मागं ओढायचा, आणि तो मैदानाबाहेर गेला की रेषेवरून आत फेकायचा, ही तिची कामं. हे काम ऐन वेळी दुसरीला जमत नाही, म्हणून प्रत्येक संघ एक जादा हूकर बाकावर बसवून ठेवतो. तिच्या जर्सीवर सोळा नंबर असतो. दौऱ्याच्या यादीत माझं नाव आलं ते सोळा नंबरला. वय एकोणतीस, आणि नोकरी लोहाऱ्यातल्या एका शाळेत खेळाच्या बाईंची.

आप्पा, म्हणजे माझे वडील, लोहारा ते उमरगा काळीपिवळी जीप चालवतात. यादी आली त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला जीपमध्ये घालून सोनारीला नेलं. आमचं कुलदैवत तिथला काळभैरव. आम्ही जिल्ह्याच्या एका टोकाला, देव दुसऱ्या टोकाला, त्यामुळं काही मोठं घडल्याशिवाय जाणं होत नाही. देवळात माकडं लई. एकानं आईच्या हातातला नारळ ओढून नेला आणि आईनं त्याला माझ्या सासरकडच्यांसाठी राखून ठेवलेल्या शिव्या दिल्या. माझं लग्न मोडून तेव्हा चार वर्षं झाली होती.

परत निघालो तर आप्पा तसेच अनवाणी जीपमध्ये बसले.

"आप्पा, चप्पल ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दी. देवाला बोललोय. तू देशाकडनं खेळलीस की मंग घालीन."

"आन उन्हाळ्यात जीप काय बिनचपलेची हाणणार का?" आई म्हणाली. "पाय भाजून निघत्याल तुमचे."

आप्पांनी गिअर टाकला. आमच्याकडं नवस बोलला की त्यात घासाघीस नसते. मी हसले होते तेव्हा. तीन सामने आहेत, कुठं ना कुठं दहा मिनिटं मिळतीलच, असा माझा हिशोब होता.

पहिला सामना थायलंडला. राष्ट्रगीताला मी बाकीच्यांबरोबर रांगेत उभी राहिले, छातीवर हात ठेवून म्हटलं, आणि बाकावर जाऊन बसले. आम्ही हरलो. सामना संपल्यावर सगळ्यांच्या जर्सीचा धुण्यासाठी ढीग पडला, मातीनं आणि घामानं माखलेला. माझ्या जर्सीची घडी तेवढी मोडली होती. मी पुन्हा घडी घातली आणि ती पिशवीत ठेवली. पहिली हूकर माझ्याच खोलीत होती, ओडिशाची, भली पोरगी. ती म्हणाली, "तुझी नाही टाकायची धुवायला?" तिच्या मनात काही नव्हतं. मी नाही म्हणाले.

घरी फोन केला तर आईनं आप्पांच्या पायांचंच पुराण लावलं. क्लचवर पाय ठेवून ठेवून तळव्याला फोड आलाय, हळद-तेल लावायला गेलं की पाय मागं घेतात, पॅसेंजर चेष्टा करतात. आप्पा मागून एवढंच म्हणाले, "खेळलीस का?" मी म्हणाले, पुढच्याला.

पुढचा मलेशियाला, भर पावसात. दुसऱ्या डावात माझी खोलीसोबतीण गुडघा धरून खाली बसली. मी उठून उभी राहिले, जाकिटाची चेन खाली ओढली. तिनं डॉक्टरांना हातानं थांबवलं, दोन पावलं टाकून बघितली आणि पुन्हा फळीत जाऊन वाकली. अजून जरा लागायला हवं होतं, असं माझ्या मनात आलं. ते येऊन गेलं आणि त्याची मला लाजही वाटली नाही. संध्याकाळी मीच तिच्या गुडघ्याला बर्फ बांधला. ती थँक्यू म्हणाली. मी टीव्ही बघत राहिले.

त्यानंतर मला फारसं काही वाटेनासंच झालं. जेवायला बोलावलं की जेवायचं, बस आली की बसमध्ये चढायचं, फोटोत हसायचं. मुली विमानतळावर चॉकलेटं घेत होत्या, मीही घेतली. कुणासाठी घेते हे माझ्या ध्यानात नव्हतं.

तिसरा आणि शेवटचा सामना कझाकस्तानला. मैदानापलीकडच्या डोंगरांवर बर्फ दिसत होता. बाकावर बसून पायांची बोटं असून नसल्यासारखी झाली होती. ऐंशी मिनिटांचा खेळ. शहात्तराव्या मिनिटाला प्रशिक्षक वळून म्हणाले, "सोळा, तयार हो." मी जाकीट काढलं, दातांवर गार्ड बसवला आणि रेषेजवळ जाऊन उभी राहिले. बदलीची चिठ्ठी पंचांच्या मदतनिसाच्या हातात गेली. आता फक्त खेळ थांबायचा होता. चेंडू बाहेर जावा, शिट्टी वाजावी, काहीही व्हावं, त्याशिवाय खेळाडू बदलता येत नाही.

खेळ थांबला नाही. एरवी दर मिनिटाला कुणाच्या तरी हातून चेंडू निसटतो. त्या दिवशी त्या पोरींनी चेंडू असा काही जपला की काय सांगू. दोन पावलं पुढं, पडायचं, चेंडू मागं, पुन्हा दोन पावलं. त्या जिंकत होत्या, त्यांना वेळच काढायचा होता. आमच्या पोरी पाडत होत्या, त्या उठत होत्या. ऐंशी मिनिटं झाल्याचा भोंगा वाजला. त्यांच्या एकीनं चेंडू लाथेनं बाहेर उडवला आणि पंचांनी सामना संपल्याची लांब शिट्टी मारली. मदतनिसानं चिठ्ठी माझ्याकडं बघत खिशात घातली. "सॉरी," तो म्हणाला. मी म्हणाले, "ओके." मला खरंच ओके वाटलं, किंवा काहीच वाटलं नाही. दोन्हींतला फरक मला तेव्हा सांगता आला नसता.

खोलीवर आले तोवर आप्पांचे दोन फोन येऊन गेले होते. मी लावला.

"मैदानात उतरलीस का, बाय?"

"व्हय," मी म्हणाले.

आप्पा म्हणाले, "बरं झालं." आईनं फोन ओढून घेतला आणि रडायलाच लागली. मी आंघोळीला गेले. खोटं बोललेय हे मला कळत होतं. पण ते दुसऱ्या कुणीतरी बोलल्यासारखं लांब वाटत होतं.

सोलापूर स्टेशनावर आप्पा जीप घेऊन आले होते. पायात नव्या कोऱ्या चपला. मी त्यांच्या पायांकडं बघितलं, त्यांनी माझी बॅग उचलली. वाटेत चहाला थांबलो. आप्पांनी पायांचा विषय काढला नाही, मीही नाही.

लोहाऱ्यात माझा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ, आणि तहसीलच्या कोपऱ्यावर फ्लेक्स. त्यावर मला कॅप्टन करून टाकलं होतं. ते तेवढं चालायचंच. खरा गोंधळ मला दुसऱ्या दिवशी जीप स्टँडावर कळला. पंक्चरवाला पाना हातात घेऊन पुढं आला. "शेवटाला त्या उंच बाईला काय हाणून पाडलंस गं! समद्या स्टँडानं शिट्ट्या मारल्या."

कझाकस्तानचा सामना मोबाइलवर थेट दिसत होता. हे मला माहीत होतं, पण लोहाऱ्यात कोण बघणार, असं मी धरून चालले होते. तर अख्खा स्टँड पंक्चरच्या दुकानात जमला होता. माझी खोलीसोबतीण डोक्याला मार लागू नये म्हणून काळं टोपडं घालते. चेहरा अर्धा झाकलेला, बांधा माझ्यासारखाच. कुणीतरी म्हणालं, "ती बघा आपली," आणि मग ऐंशी मिनिटं सगळ्यांनी तिलाच मी समजून आरडाओरडा केला. आप्पाही तिथंच होते. पंक्चरवाला सांगत होता तेव्हा आप्पा जीपच्या काचेवरचा डाग पुसत होते. डाग निघाला तरी पुसतच होते. "तिला पाडायचंच व्हतं," मी पंक्चरवाल्याला म्हणाले आणि शाळेत गेले.

पुढच्या वर्षीच्या दौऱ्याची यादी आली, त्यात माझं नाव नव्हतं. सोळा नंबरला तेवीस वर्षांची पोरगी. मी यादी दोनदा वाचली आणि पोरांची कवायत घ्यायला गेले. शाळा सुटल्यावर स्टँडावर गेले. आप्पा एकटेच होते, जीप धुवत होते.

"आप्पा, म्या तिकडं खेळलेच न्हाय. एकाबी सामन्यात."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवाच. समदे त्या टोपडंवालीला तूच म्हणत व्हते. तू पळतानी डावा खांदा खाली टाकतीस, ल्हानपणापासनं. ती पोर ताठ पळती." ते फडकं पिळत होते. "तू चुना मारल्याल्या रेघंपाशी हुबी व्हतीस. दिसलीस एकडाव."

"मंग चप्पल का घातली तुम्ही?"

"तू व्हय म्हणलीस की."

त्यांनी बादली उलटी केली.

"तू व्हय म्हणलीस, स्टँडावरबी समदे म्हणले, खेळली पोरगी, घाला आता चप्पल. म्या अनवाणीच हिंडलो असतो तर त्यांनी इचारलं असतं, का म्हून. काय सांगायचं? पोरगी खोटं बोलली म्हून सांगायचं?"

"आन देव?"

"दुसऱ्याच दिशी गेलो सोनारीला. तुज्या आईला वाटलं नवस फेडाया गेलो. खरं काय ते सांगून आलो. म्हणलं, चप्पल घालतो, दंड करायचा तर मला कर, तिच्याकडं बघू नगंस."

ज्या माणसानं देवाला दिलेल्या शब्दापायी दोन महिने तळवे भाजून घेतले, त्यानं माझ्या एका 'व्हय'साठी तो शब्द मोडला होता. मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. मी त्यांना यादीचं सांगितलं, आता मला कुणी घेणार नाही हेही सांगितलं. त्यांनी फडकं जीपच्या बॉनेटवर वाळत टाकलं. मग म्हणाले, "लई पळलीस बाय तू," आणि उमरग्याचे पॅसेंजर भरायला लागले.

त्याला आता बरेच दिवस झाले. जीपमध्ये कधी मी पुढं बसलेली असते, आणि मागून एखादा नवीन माणूस मला ओळखून विचारतो, तिकडं किती सामने खेळलात म्हणून. आप्पा माझ्याकडं बघतही नाहीत. मी तोंड उघडायच्या आत तेच सांगतात, तीन.