एक अन् एक दोन दिवे

सोल्डरिंग करताना राळ जळाल्याचा वास आला की मला अजून वसमतच्या घराची ओसरी आठवते आणि डोकं तापतं. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला मी बेरीज करणारं यंत्र बनवलं होतं: फळीवर दोन बटनं, टॉर्चचे दोन बल्ब आणि खाली तारांचा गुंता. त्याला शून्य आणि एक एवढेच आकडे कळायचे, म्हणून दोन हा आकडा ते 'एक-शून्य' असा दाखवायचं. एक बटन दाबलं की उजवा दिवा लागायचा. दोन्ही दाबली की उजवा विझून डावा लागायचा. हे जमवताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. परीक्षेच्या आदल्या दुपारी अंगणात हळद शिजत होती, त्या उबेत मला डुलकी लागली. उठतो तर शेतातली मोटार स्वतःच दुरुस्त करणारे काका माझं सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बसलेले. "एक दिवा इझून राहिला होता, म्या नीट केला. आता एक अन् एक दोन बराबर लागतेत." खरंच, दोन्ही दिवे झगझगत होते. "काका, तो इझायलाच पायजे होता!" मी ओरडलो. "इझायचाच होता तर लावला काहून?" संध्याकाळभर मी तारा उपटून पुन्हा जोडल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी दोन्ही बटनं दाबली, उजवा दिवा विझून बरोब्बर डावा लागला, आणि ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "एक बल्ब गेलाय तुझा." आजही तो वास आला की वाटतं, त्या दोघांना एका खोलीत बसवावं, मधे ते यंत्र ठेवावं आणि बाहेरून कडी लावावी.