बिननावाची किल्ली

दरवानदांना कुणी ‘जरा तुमचा पासवर्ड सांगा’ म्हटलं, की त्यांचे कान लाल व्हायचे. सेक्टर फाइव्हमधल्या आमच्या सरकारी कचेरीत ही मागणी पेन मागण्याइतकी सहज होती, त्यामुळे ते बहुतेक वेळ लालच असायचे. दरवान हे नाव बंगाली सहकाऱ्यांनी चिडवायला ठेवलेलं, ‘दा’ म्हणजे त्यांच्यात दादा. त्यांनी ते मानाने मिरवलं.

माणूस मराठी, पण जन्म इथलाच, बंगालमधला, घर डमडमला. मी बदलीवर आले तेव्हा मजल्यावर मराठी बोलणारं त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. त्यांची मराठी अगदी पुण्याची, फक्त चहा ते बंगाल्यांसारखा ‘खायचे’. “चहा खाऊन घे, मग भांडू,” म्हणायचे, आणि चहा संपला की खरंच भांडायचे.

भांडण्याजोगं होतंही. निवृत्तिवेतनाच्या सगळ्या नोंदी आमच्याकडे, आणि अख्खा मजला ‘अ‍ॅडमिन’ या एकाच नावाने त्यात शिरायचा. कुणी काय बदललं, देव जाणे. पुढे कचेरीचं स्वतःचं क्लाउड आलं आणि सगळ्या नोंदी त्यावर गेल्या. त्यात कोण शिरतंय आणि त्याला काय करायची मुभा आहे हे तपासणारी ओळख-सेवा बसवायचं काम दरवानदांवर पडलं. ओपन सोर्स, म्हणजे फुकट. म्हणून साहेबांच्या लेखी तिला किंमत नव्हती. दरवानदांनी मात्र प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. बघणारा कोण, बदलणारा कोण, पुसणारा कोण, सगळं ठरवलं. लोक कुरकुरले. इतक्या वर्षांच्या ओळखीत हा अविश्वास कशाला, असं एकाने विचारलंही. “मी ओळखतो रे तुला,” दरवानदा म्हणाले, “उद्या तुझ्यावर आळ आला तर यंत्रानेही ओळखायला हवं.”

ही सेवा बसवताना सुरुवातीला एक तात्पुरती किल्ली करावी लागते. तिला नाव नसतं आणि कुठलंच दार बंद नसतं. तिने पहिला खरा अ‍ॅडमिन तयार करायचा आणि लगेच ती सेटिंगमधून पुसून टाकायची. दरवानदांनी त्याच दिवशी पुसली. साहेब म्हणाले, राहू द्या, अडीअडचणीला उपयोगी पडेल. हे नाही म्हणाले. महिन्याभरात त्यांची बदली बराकपूरच्या भांडारात झाली. सर्व्हर बसवणारा माणूस खुर्च्या मोजायला! त्यांची पाठ फिरताच सेटिंगची जुनी प्रत शोधून तीच किल्ली परत घातली गेली, आणि मजला पूर्वीसारखा सुखाने नांदू लागला.

मग एका सकाळी शेकडो विधवांच्या नोंदी गायब. यंत्राच्या नोंदीत पुसणाऱ्याचं नाव नव्हतं, फक्त ती किल्ली. चौकशी बसली आणि समितीने सरळ हिशेब मांडला: किल्ली मुळात केली कुणी? दरवानदांनी. मग त्यांनाच ती पाठ असणार. मी समोरच बसले होते. दरवानदा शांतपणे म्हणाले, “मी केलं असतं, तर तिथे माझं नाव असतं.”

किल्ली परत कुणी घातली हे मजल्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते नाव लिहून मी माझं निवेदन माझ्या सहीने दिलं. ‘एका व्यक्तीचं मत’ म्हणून ते बाजूला पडलं. बाकीच्यांनाही हळहळ होती, नव्हती असं नाही. त्यांनी मिळून एक अर्ज लिहिला, दरवानदा निर्दोष आहेत म्हणून, आणि खाली घातलं ‘आपले नम्र, सर्व कर्मचारी’. सही एकाचीही नाही. तो देताना त्यांना वाटलं, हे गहिवरतील. दरवानदांचे कान लाल झाले. ‘सर्व कर्मचारी’ नावाचा माणूस मी कधी पाहिलेला नाही, असं म्हणून त्यांनी अर्ज परत केला.

दोष सिद्ध झाला नाही, पण ‘जबाबदारी यांचीच’ असा शेरा घेऊन ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ नाही, साधा हारसुद्धा नाही. त्या शेऱ्याने त्यांना आतून पोखरलं. माझं मत विचाराल तर त्यानेच त्यांना मारलं, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

ते गेल्याचं कळलं तेव्हा कचेरीने शोकसंदेश काढला. निष्ठावान, प्रामाणिक, सचोटीचे, सगळी विशेषणं होती. तो सह्यांसाठी माझ्या टेबलाशी आला तेव्हा खाली जागाच उरली नव्हती. साहेबांपासून सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, ठळक अक्षरांत, पूर्ण नावानिशी.