चौऱ्याण्णव किलो, जिवंत

आमच्या बजाजनगरातल्या पुंडलिकराव दाभाड्यांना एखादी वस्तू कौतुकानं दाखवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. मी घराला नवं गेट बसवलं तेव्हा ते समोरून आले, खिशातून पट्टी काढली आणि म्हणाले, "मॅडम, डावी बाजू चार एमएमनं खाली हाय." तोवर मला ते गेट आवडत होतं.

चोवीस वर्षं ते वाळूजच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. माल मोजायचा, ओढून-ताणून बघायचा आणि त्यावर ओके किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. ती सवय घरापर्यंत आली. त्यांच्या बायकोच्या, गीताबाईंच्या कुकरवर पिवळ्या मार्करची खूण आहे, पंख्यावर आहे, मिक्सरवरही आहे. मेहुण्याच्या, म्हणजे सोमनाथच्या लग्नात त्यांनी वरातीचा घोडा नापास केला होता. सगळे हसले. मग चौकात पोचल्यावर घोडा नवरदेवासकट खाली बसला.

कंपनीत एकदा साहेबानं घाईच्या मालावर ओके मारायला सांगितलं. पुंडलिकरावांनी नाही म्हटलं. साहेबानं पुन्हा सांगितलं, यांनी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांना कँटीनची कुपनं मोजायला बसवलं. तिथंही त्यांनी पोह्यांवर शेरे मारायला सुरुवात केली आणि तीन महिन्यांनी राजीनामा देऊन घरी आले. येताना स्वतःच्या पैशानं दोन शिक्के करून आणले.

मासेमारीशी त्यांचा संबंध आणला तो मी, त्यामुळे पुढच्या सगळ्या तमाशात माझाही वाटा आहे. माझी धाकटी बहीण मालवणात दिलेली आहे. तिचा दीर अभय तांडेल. तो हौशी पाहुण्यांना बोटीवर घेऊन खोल समुद्रात मोठमोठे मासे पकडायला नेतो. गळाला लागलेला मासा बोटीपाशी आला की त्याला लांब दांड्याच्या आकड्यानं अडकवून वर घ्यायचा असतो. या आकड्याला ते लोक गॅफ म्हणतात. शेंगा तोडायच्या आकडीचा तो थोरला भाऊ. अभयचा परदेशी गॅफ एका कुपा माशानं, म्हणजे ट्यूनानं, सरळ करून टाकला होता. मी म्हटलं, आमच्या समोर एकजण राहतात, त्यांना दाखवते. मालवणाहून तो घेऊन येताना बसमध्ये कंडक्टरनं विचारलं तेव्हा पडद्याचा रॉड आहे म्हणून सांगितलं.

पुंडलिकराव दोन दिवस तो आकडा मांडीवर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लई तापवून वाकवलाय. मानेत जीवच नाय याच्या." मग त्यांनी अभयला फोन लावला आणि मापं मागितली: उंची किती, कोपरापासून बोटापर्यंत हात किती, पंजाचा घेर किती, बोटीची कड पाण्यापासून किती वर. अभय म्हणाला, "पुंडलिकराव, आकडा करताय की सदरा शिवताय?" पुंडलिकराव म्हणाले, "माणूस बदलला की दांडा बदलतो." खलाशी धरून सहा जणांची मापं आली आणि सहा वेगळे आकडे ठरले. घरापुढच्या शेडमध्ये स्टेनलेसचे गज न तापवता, तसूतसूनं वाकवले गेले. टोकांना चार बाजूंनी धार लागली. दांड्यांसाठी सोयगावकडून भरीव बांबू आले, त्यांवर सुती दोरी घट्ट गुंडाळली.

आता उरली तपासणी. आणि समुद्र आमच्या संभाजीनगरपासून रात्रभराच्या प्रवासावर.

आधी वाळूचं पोतं ओढून पाहिलं. पुंडलिकराव म्हणाले, "पोतं तडफडत नाय." तेवढ्यात त्यांची नजर सोमनाथवर गेली. सोमनाथची पिठाची गिरणी आहे, स्वभाव गरीब आहे आणि वजन चौऱ्याण्णव किलो आहे. त्याला दोन जुन्या गाद्यांत गुंडाळायचं, इजा होऊ नये म्हणून दोन गाद्यांच्या मधे पत्रा घालायचा, दोरीनं बांधायचं, वरून बादलीभर पाणी ओतायचं. मग दारातल्या टेंपोच्या हौद्यात उभं राहून, वरच्या गादीत आकडा घालून त्याला वर ओढायचं. टेंपो म्हणजे बोट. सोमनाथनं आतून लाथा झाडायच्या. याचा मोबदला शहागंजातून आणलेला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, दर खेपेला एक प्लेट.

गल्लीत नव्यानं आलेल्या भाडेकरूनं पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि पोलिसांना फोन लावायला घेतला. गीताबाईंनी कपडे वाळत घालता घालताच त्याला सांगितलं, "काय नाय, टेस्टिंग हाय."

चाळीस वेळा सोमनाथ टेंपोत चढला. एकही आकडा वाकला नाही. मग त्यांनी मला अहवाल टाइप करायला दिला, कारण अहवालाशिवाय माल पाठवणं त्यांना कपड्यांशिवाय बाहेर पडण्यासारखं वाटतं. नमुना: जिवंत. वजन: ९४ किलो. खेपा: ४०. निकाल: ओके. मी शिक्षिका होते, समोर आलेलं सुवाच्य करायची मला सवय आहे. मी टाइप केलं आणि अभयला पाठवलं.

तासाभरात त्याचा फोन. "ताई, चौऱ्याण्णव किलोचा जिवंत मासा संभाजीनगरात ठेवलाय कुठं? आम्हाला अख्ख्या मोसमात एखादा दिसतो. रविवारी येतोय मी बघायला."

मी पुंडलिकरावांकडे धावले. ते म्हणाले, "मासा कुठं लिवलंय? जिवंत लिवलंय. सोमनाथ जिवंत नाय का?"

असली उत्तरं ते देत होते, कारण पणाला काय लागलंय ते बोलायची त्यांची तयारी नव्हती. ते मला गीताबाईंनी सांगितलं. राजीनाम्यानंतर जमलेलं हे पहिलंच काम होतं. एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा त्यांच्यासाठी बोलून ठेवलेली होती. आकडे गेले तर शेड चालू, नाही तर एक तारखेपासून शिट्टी आणि टोपी. "रजिस्टरमदी सह्या घेत बसतील," त्या म्हणाल्या. "आन् येणाऱ्या गाड्या नापास करतील. तिथं किती दिस टिकतील?"

रविवारी सकाळी अभय आला. चहा नको म्हणाला, आधी टाकी दाखवा म्हणाला. सोमनाथ पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "जयभीम साहेब. मीच."

अभयला आधी कळेना. मी सगळं सांगितल्यावर तो टेंपोच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मला हायसं वाटलं. पण हसून झाल्यावर तो उठला आणि म्हणाला, "बांधा त्याला. बघू दे."

सोमनाथनं त्या दिवशी जीव ओतला. पाहुण्यापुढं इज्जतीचा प्रश्न होता. अभय हाताची घडी घालून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हा लाथा मारतोय. कुपा लाथा मारत नाही, स्वतःभोवती गरगर फिरतो. आणि मासा नुसता ओला नसतो, बुळबुळीत असतो. तुमचे हातही तसेच होतात."

गीताबाई आत गेल्या आणि किलोभर भेंडी चिरून, पाण्यात कुस्करून घेऊन आल्या. ते चिकट पाणी गादीला फासलं, दांड्याला फासलं, पुंडलिकरावांच्या तळहातांना फासलं. अभयनं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि स्वतः गाद्यांत शिरला.

टेंपोच्या कडेशी पोचला तेव्हा त्यानं एकच गिरकी घेतली. गोल दांडा पुंडलिकरावांच्या मुठीत भोवऱ्यासारखा फिरला, आकड्याचं टोक आडवं झालं, गादीतून निसटलं आणि अभय तांडेल गडगडत जाऊन कपडे धुवायच्या दगडाला थडकला. पुंडलिकरावांनी दुसरा आकडा घेतला. मग तिसरा. सहाही निसटले.

"कुऱ्हाडीचा दांडा कधी गोल असतो का?" गीताबाई सावकाश म्हणाल्या. "चपटाच ऱ्हातो. म्हणून हातात फिरत नाय."

पुंडलिकरावांचं बालपण पाचोडला कुऱ्हाडीनं लाकडं फोडण्यात गेलेलं. खाली बसून ते दांड्यावरची दोरी चाचपत राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

अभय गाद्यांतून बाहेर आला. भेंडीच्या बिया केसांत तशाच. "अहो, एवढं मनावर घेऊ नका. सगळ्यांचेच दांडे थोडेफार फिरतात. तुमचा आकडा वाकत नाही, मला तेवढं बास. एक तारखेला पाहुणे येतायत. द्या सहाच्या सहा, मी आजच घेऊन जातो."

मी गीताबाईंकडे पाहिलं, गीताबाईंनी नवऱ्याकडे. घ्या म्हणावं त्यांनी, असं मला मनापासून वाटत होतं. गिऱ्हाईक स्वतः खुश आहे, दारात उभं आहे, आणखी काय हवं असतं माणसाला?

पुंडलिकराव उठले, आत गेले आणि शिक्का घेऊन आले. सहा आकड्यांना सहा कागद बांधलेले होते. त्यांनी एकेक कागद टेंपोच्या हौद्यावर ठेवून त्यावर शिक्का मारला. सहाही वेळा रिजेक्ट. पाचव्याला शाई कमी उठली तर तिथं दोनदा मारला.

मला इतका राग आला की मी अभयचं घड्याळ पायरीवर आपटणारच होते.

सोमनाथ पुढं आला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "दाजी, माझ्यामुळं झालं का हे? मला फिरता आलं असतं. मी खामखा लाथा मारत बसलो."

"तू बरोबर केलंस," पुंडलिकराव म्हणाले. "मी मासा बघितला नव्हता. न बघता ओके मारला. ती चूक माझी." त्यांच्या तोंडून स्वतःची चूक मी पहिल्यांदाच ऐकली. सोमनाथनंही पहिल्यांदाच ऐकली असावी, कारण तो मटकन खाली बसला.

अभय सहाही कागद हातात घेऊन वाचत होता. बराच वेळ वाचत होता, खरं तर त्यावर वाचण्यासारखा एकच शब्द होता. मग त्यानं फोन काढून बोटीवरच्या माणसाला लावला. "या मोसमाला जुनेच वापरा. वाकलेले ठोकून घ्या. हो, पाहुण्यांना मी सांगतो." फोन ठेवून तो पुंडलिकरावांना म्हणाला, "दोन महिने पुरतील?"

पुंडलिकरावांना खरं वाटेना. "रिजेक्ट हाय माल," ते म्हणाले.

"म्हणूनच थांबतोय. आजवर माझ्या बोटीवर जे जे आलं त्या प्रत्येकावर ओके लिहिलेलं होतं. आणि माझी माणसं रिकामे दांडे हातात धरून उभी राहिली."

पुंडलिकरावांनी मान हलवली, मग ते वळले आणि शेडमधल्या बांबूंची उगाचच मांडणी बदलू लागले. गीताबाईंनी पदराला हात पुसले आणि मला फोन काढायला सांगितला. "त्या गेटवाल्या साहेबाला लावून द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "म्हणावं, त्ये येत नाय."