सरदारची शाही चाल

चष्म्याच्या दुकानवाल्यांना गल्लीत सगळे 'खानदानकाका' म्हणत, आणि ही थट्टा आहे हे न कळण्याइतके काका स्वतःवर खूश होते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि संध्याकाळी सापडेल त्याला धरून आपल्या सरदार नावाच्या कुत्र्याचा वंश सांगायचा, असं त्यांचं आयुष्य. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर ते डोकं खाजवत. सरदारच्या मात्र सात पिढ्या तोंडपाठ. तसं ते अवघडही नव्हतं, कारण तीच ती नावं पुन्हा पुन्हा येत. सरदारचा बाप हाच त्याच्या आईचाही बाप होता. इतरांच्या वंशवृक्षाला फांद्या फुटतात. सरदारचा बांबूसारखा सरळसोट वर गेलेला.

"रक्त शुद्ध राहतं," काका सांगत.

"आणि घरातल्या घरात भागतं," काकू आतून भर घालत.

सरदारचं नाव झालं ते चालीमुळे. कंबर किंचित खाली दबलेली, मागचे पाय जरा ओढत, डुलत डुलत यायचा. स्पर्धेतले परीक्षक माना डोलावत, काय हा रुबाब! त्याचा बापही असाच चालायचा. पुढे बापाला जागचं उठवेना, तेव्हा 'वय झालं' म्हणून काकांनी विषय मिटवला. बाप तेव्हा पाच वर्षांचा होता.

सरदारचं एक पिल्लू लेकीकडे दिलं होतं. भुंकणं दांडगं, म्हणून नातीनं त्याचं नाव भोंगा ठेवलं. भोंगा दीड वर्षाचा झाला आणि त्याचीही चाल शाही झाली. काका धन्य झाले. वर्षाच्या आत मात्र त्याचे मागचे पाय पार लुळे पडले. डॉक्टर म्हणाले, नसा सुकवणारा आजार आहे, आईबापांकडून येतो.

"डॉक्टरांना काय कळतंय!" काका लेकीवर उखडले. "तुमच्या घरातल्या फरश्या गुळगुळीत. घसरून घसरून अधू झालं बिचारं."

आपला तो बाब्या, दुसऱ्याची ती फरशी.

तेवढ्यात सरदारचं जमलं. श्वानमंडळाच्या अध्यक्षीणबाईंची महाराणी त्याला सांगून आली. काकांना व्याही झाल्याचा आनंद झाला. पण बाई नव्या विचारांच्या निघाल्या. आधी नराची जनुकीय तपासणी, मगच पुढचं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची, इतकं सोपं.

"बाबा, खरंच तपासा हो," लेकीनं हात जोडले. "अजून सात-आठ भोंगे जन्माला घालू नका."

"अगं, लपवायला आहे काय आपल्याकडे?" काका म्हणाले, आणि काडी खिशात घालून थेट कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. तिथं बटाटा नावाचं एक बेवारशी कुत्रं पडलेलं असे. बटाटा कशातही मिसळतो, तसं त्याच्यात सगळंच मिसळलेलं. आयुष्यात एकदाही आजारी न पडलेलं. एका बिस्किटाच्या बदल्यात त्यानं आ केला आणि सरदारची लाळ दिली.

निकाल अध्यक्षीणबाईंच्या दिवाणखान्यात, सगळ्या मंडळासमोर वाचला गेला. लेकही येऊन बसली होती. एकही आनुवंशिक दोष नाही! काकांनी छाती फुगवली. बाईंनी चष्मा (काकांच्याच दुकानातला) नाकावर सारखा केला आणि पुढची ओळ वाचली. किमान पाच जातींचा संकर.

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हणजे सरदार गावठी?" बाईंनी विचारलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प राहावं तर सात पिढ्या बुडतात, बोलावं तर स्वतःची अब्रू जाते. शेवटी सत्याचा विजय झाला. सचोटीमुळे नव्हे, घमेंडीमुळे.

"गावठी कुणाला म्हणता?" काका ताडकन उठले. "ती लाळ सरदारची नव्हतीच! बटाट्याची होती!"

लेकीनं आवाजही न चढवता विचारलं, "बाबा, सरदार निरोगी आहे याची खात्री होती, तर बटाट्याकडे कशाला गेलात?"

काका सरदारच्या सात पिढ्या पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

सरदारची खरी तपासणी झाली. दोष होता, आईकडूनही आणि बापाकडूनही. म्हणजे एकाच दारातून दोनदा आलेला. सोयरीक मोडली.

त्या रविवारी काका लेकीकडे गेले. दार नातीनं उघडलं. आत पाहतात तर बैठकीपासून मोरीपर्यंत सगळ्या फरश्यांवर सतरंज्या अंथरलेल्या, कडा चिकटपट्टीनं घट्ट बसवलेल्या. काका फरश्यांवरून तिला एवढं बोलले होते, पण लेकीनं त्यांचं तेही ऐकलं होतं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांचा आवाज ऐकून भोंगा आतल्या खोलीतून निघाला. पुढच्या दोन पायांवर, मागचं अंग फरफटवत, आनंदानं भुंकत.

"आजोबा," नात म्हणाली, "आता तर फरशी घसरत नाही. मग हा चालणार कधी?"

काका खाली बसले. भोंग्यानं येऊन त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.

"फरशीचा दोष नव्हता गं," ते म्हणाले. "ते मला तेव्हाही माहीत होतं."